सराफांचा घुमट : उझबेकिस्तानच्या बाजारपेठांतून एक फेरी

ताश्कंद हे नाव मराठी घरांत प्रथम पोहोचले ते एका दुःखद वार्तेने. १० जानेवारी १९६६ रोजी तेथे भारत आणि पाकिस्तान यांच्यात करार झाला आणि त्याच रात्री, ११ जानेवारीची तारीख लागल्यावर, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे निधन झाले. आजही त्या शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, त्यांचा अर्धपुतळा आहे आणि भारतीय प्रवासी तेथे थांबून हात जोडतात. त्याच वर्षी २६ एप्रिलला झालेल्या भूकंपाने ताश्कंदचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. पुढे शहर नव्याने बांधले गेले, रस्ते रुंद झाले, कारंजी आणि उद्याने आली. जुन्या वस्तीतील एक गोष्ट मात्र आपली जागा सोडून गेली नाही. ती म्हणजे चोरसूचा बाजार.

अलीकडे आपल्याकडील व्यापारी कुटुंबे उझबेकिस्तानला मोठ्या संख्येने जाऊ लागली आहेत. दिल्लीहून ताश्कंद विमानाने अवघ्या तीन तासांच्या आसपास आहे, व्हिसा घरबसल्या मिळतो आणि खर्च युरोपच्या मानाने बेताचा असतो. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत समरकंदच्या रेगिस्तान चौकाला अर्धा दिवस असतो, बुखाऱ्याच्या मनोऱ्याला दोन तास असतात आणि बाजाराच्या वाट्याला येतो तो जेमतेम तासाभराचा वेळ, तोही ‘खरेदीसाठी मोकळा’ म्हणून. वास्तविक ज्याच्या घरात तीन-चार पिढ्या तागडी आणि चोपडी नांदली आहे, त्याने या बाजारांना तासापेक्षा पुष्कळ अधिक वेळ द्यावा. तेथे त्याला स्वतःच्या धंद्याचे शब्द ऐकू येतात आणि भारतीय व्यापाऱ्याच्या इतिहासाची काही पानेही वाचावयास मिळतात. त्यांपैकी काही पाने अभिमानाची आहेत आणि काही विचार करावयास लावणारी.

चार वाटांचा बाजार

‘चोरसू’ हा शब्द मूळ फारसी. ‘चार दिशा’ किंवा ‘चार वाटा’ असा त्याचा अर्थ. चार रस्ते जेथे मिळतात तेथे बाजार भरावा, ही रीत मध्य आशियात जुनी आहे. आज जो प्रचंड निळा घुमट दुरून दिसतो, तो मात्र सोव्हिएत राजवटीत, १९८०च्या सुमारास उभारलेला आहे. घुमटाखाली खांबांची गर्दी नसलेले भव्य गोलाकार दालन आहे आणि वरच्या बाजूस वर्तुळाकार सज्जा आहे. भोवती भाज्यांच्या, फळांच्या, भांड्यांच्या, कापडाच्या आणि पाळण्यांच्याही ओळी पसरल्या आहेत.

शाकाहारी प्रवाशाने येथे एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. घुमटाखालच्या तळमजल्यावर मांसविक्रीचे गाळे आहेत. ज्यांना ते दृश्य नको असेल त्यांनी सरळ जिना चढून सज्जावर जावे. तेथे सुक्या मेव्याचे राज्य आहे. बदाम, पिस्ते, अक्रोड, नाना रंगांचे बेदाणे आणि जर्दाळू यांचे ढीग असे रचलेले असतात की, एखाद्या नवख्या मुनिमाला ते मोडून तोलण्याचा धीर होऊ नये. जर्दाळूच्या बिया मिठाच्या पाण्यात भिजवून राखेत भाजतात. पांढुरक्या दिसणाऱ्या या बियांना ‘शूरदानक’ म्हणतात. टरफल किंचित उकललेले असते, आत मऊ खारा गर. शेजारीच पिवळसर ‘नव्वोत’ दिसते. दोऱ्यावर धरलेले साखरेचे टपोरे खडे पाहून मराठी गृहिणीस ती आपलीच खडीसाखर वाटते, आणि ती तशीच आहे.

विक्रेती प्रथम भाव सांगत नाही, वानगी देते. तळहातावर दोन बदाम ठेवते, मग दुसऱ्या ढिगातले दोन, मग तिसऱ्यातले. या चवीचे पैसे नसतात आणि चव घेतली म्हणून खरेदी केलीच पाहिजे असेही नसते. त्यानंतर बेताची घासाघीस होते. तिला भांडणाचा सूर नसतो. निम्म्या किमतीत मागणे असभ्य समजले जाते, मुळीच न मागणे थोडे रुक्ष. सौदा ठरला की विक्रेती उजवा हात छातीवर ठेवून किंचित झुकते. वयाने मोठ्या स्त्रीला येथे ‘ओपा’ म्हणावे आणि पुरुषाला ‘अका’. मराठी माणसाची येथे गंमत होते, कारण आपली अक्का ही थोरली बहीण असते आणि त्यांचा अका हा थोरला भाऊ.

‘हिंदिस्तोन?’ असा प्रश्न हमखास येतो. होकार दिला की, साठीच्या पुढचा विक्रेता राज कपूर यांचे नाव घेतो. त्यांचा ‘आवारा’ १९५४मध्ये सोव्हिएत संघात दाखविला गेला आणि तेथील दोन पिढ्यांच्या मनात राहिला. मध्यमवयीन विक्रेता मिथुन चक्रवर्ती यांचे नाव घेतो. कधी कधी तेवढ्यावर भावही थोडा उतरतो.

ओळखीचे शब्द, एक फसवा शब्द

उझबेक ही तुर्की कुळातील भाषा आहे, परंतु तिच्या बाजाराने फारसी आणि अरबी शब्द भरभरून घेतले. आपल्या मराठीनेही बहामनी आणि पुढे आदिलशाही-निजामशाही काळात तेच केले. शिवछत्रपतींनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून राजदरबाराच्या भाषेला संस्कृत पर्याय दिले, तरी बाजाराची बोली आपल्या वळणानेच चालत राहिली. त्यामुळे चोरसूत उभ्या असलेल्या मराठी व्यापाऱ्याच्या कानी पडणारे निम्मे शब्द त्याच्या पेढीवरचेच असतात. ‘आ’च्या जागी बहुधा ‘ओ’ धरला की कुलूप उघडते. बाजार तो ‘बोझोर’, दुकान ते ‘दुकोन’, हिशेब तो ‘हिसोब’, बदाम तो ‘बोदोम’, चहा ती ‘चोय’. सौद्याला ‘सव्दो’, फायद्याला ‘फोयदा’, तराजूला ‘तारोझी’, दलालाला ‘दल्लोल’, कर्जाला ‘कर्झ’. भावाला ते ‘नर्ख’ म्हणतात. आपल्या जुन्या कागदपत्रांत येणारा ‘निरख’ तो हाच.

एक शब्द मात्र फसवतो. ‘सब्झी’ म्हणजे तेथे भाजी नव्हे, गाजर. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या प्रवाशाने मोठ्या विश्वासाने ‘सब्झी’ मागावी आणि समोर गाजरांचा भारा यावा, असे होऊ शकते. गाजर हा तेथील स्वयंपाकाचा आधारच आहे. प्रसिद्ध ‘ओश’ अथवा पुलाव गाजर, कांदा आणि मांस यांवाचून सहसा होत नाही. गाजराचे तिखट-आंबट कोशिंबिरीसारखे किसही गाळ्यागाळ्यांवर दिसतात. ते विकणाऱ्या कोरियन स्त्रियांचा तेथे असण्याचा इतिहास करुण आहे. १९३७मध्ये स्टालिनच्या हुकमाने अतिपूर्वेकडील कोरियन कुटुंबांना आगगाडीत कोंबून मध्य आशियात आणून सोडले गेले. त्यांनी मिळेल त्या भाजीचे लोणचे घालून पोट भरले, आणि आज त्यांच्या पदार्थावाचून कोणताही उझबेक बाजार पुरा होत नाही.

खाण्यापिण्याच्या सोयीसाठी दोन शब्द ध्यानात ठेवावेत : ‘गोश्तसिझ’ म्हणजे मांसाविना आणि ‘पियोझसिझ’ म्हणजे कांद्याविना. तथापि उपाहारगृहातील आचाऱ्याच्या दृष्टीने रस्सा म्हणजे मांस नव्हे, हे लक्षात घेऊन कटाक्षाने नियम पाळणाऱ्यांनी बाजारातील फळे, सुका मेवा, दही यांवर आणि घरून नेलेल्या खाखऱ्यांवर भिस्त ठेवावी हे उत्तम. उन्हाळ्याच्या अखेरीस गेल्यास खरबुजांचे ढीग पाहावयास मिळतात. फरगाणा खोऱ्यातील अंदिजान येथे १४८३मध्ये जन्मलेला बाबर हिंदुस्थानचा बादशहा झाला, तरी या खरबुजांच्या आठवणीने व्याकूळ होई. एक फोड चाखल्यावर त्याची अडचण समजते.

नानचा मान

समरकंदला बीबी-खानिम मशिदीच्या शेजारी सियोब बाजार आहे. तेथील सर्वांत मोठा व्यवहार नानचा, तेथील उच्चारात ‘नोन’चा. समरकंदचा नोन जाडजूड, वजनदार आणि चकाकणाऱ्या पाठीचा असतो. मधोमध ‘चेकिच’ नावाच्या टोकेरी ठशाने नक्षी उमटवलेली असते आणि वर तीळ अथवा कलौंजी. ठसा मारल्याने मधला भाग फुगत नाही, कडा मात्र फुगते. नोनच्या पुष्कळ जाती आहेत. काहींत चरबी किंवा मांसाचे तुकडे घालतात, म्हणून विचारून घ्यावे. साधा ‘ओबी नोन’ पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांचा असतो.

या भाकरीला तेथे विलक्षण मान आहे. ती सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात. ती पालथी ठेवत नाहीत, जमिनीवर ठेवत नाहीत. घरातील तरुण दूरच्या प्रवासाला किंवा सैन्यात निघाला की, तो नोनचा एक घास तोडतो आणि उरलेला नोन घरात टांगून ठेवतात. तो परतला की उरलेला त्याने खावा, अशी भावना. एक कथा अशी सांगतात की, बुखाऱ्याच्या अमीराला समरकंदच्या नोनची गोडी लागली. त्याने तेथील भटारी बोलावून घेतला, तेथलेच पीठ आणि पाणीही आणविले, परंतु चव काही आली नाही. भटारी म्हणाला, पीठपाणी आणता आले, समरकंदची हवा कुठून आणणार? कथा खरी असो वा नसो, आपल्या मालाविषयीचा हा अभिमान कोणत्याही व्यापाऱ्याला कळण्याजोगा आहे.

थैलीभर नोटा

आजचा प्रवासी बाजारात जाण्यापूर्वी डॉलर बदलून घेतो आणि एका डॉलरला सुमारे बारा हजार सोम हाती आल्याने क्षणभर लक्षाधीश होतो. आता दोन लाख सोमची नोटही निघाली आहे, अनेक दुकानांत कार्ड चालते. परंतु फार जुनी नाही अशी एक वेळ होती, जेव्हा या बाजारात माल तोलण्यापेक्षा पैसे मोजण्यास अधिक वेळ लागे.

सोम हे चलन १ जुलै १९९४ रोजी आले. पुढे महागाई वाढत गेली, पण २०१३पर्यंत सर्वांत मोठी नोट होती हजार सोमची. त्या वेळच्या अधिकृत दरानेही शंभर डॉलर बदलले, तर हजाराच्या सुमारे दोनशे नोटा मिळत. लोक बाजाराला काळ्या प्लास्टिकच्या थैल्या घेऊन येत आणि त्यांत रबरबंद लावलेली नोटांची पुडकी असत. जाणकार विक्रेते पुडके अर्धे दुमडून अंगठ्याने इतक्या झपाट्याने मोजत की, बँकेच्या रोखपालानेही पाहत राहावे.

अडचण केवळ नोटांच्या संख्येची नव्हती. देशात डॉलरचे दोन भाव होते, एक सरकारी आणि एक बाजारातला. बाजारातला भाव सरकारीच्या जवळजवळ दुप्पट असे. बँकेत डॉलर सहज मिळत नसे, म्हणून बाजाराच्या कोपऱ्यावर उभा असलेला माणूस हाच खरा विनिमय अधिकारी. अखेर ५ सप्टेंबर २०१७ रोजी सरकारने दोन्ही भाव एक केले. एका दिवसात डॉलर सुमारे ४,२०० सोमवरून ८,१०० सोमवर गेला. कागदावर रुपया निम्मा व्हावा तसा प्रकार. परंतु बाजार कोसळला नाही, कारण बाजाराने तो भाव केव्हाच मान्य केलेला होता. सरकारने फक्त बाजाराचे निरख आपल्या फळ्यावर लिहिले.

ही गोष्ट त्या भूमीला नवी नव्हती. १५५८च्या डिसेंबरात अँथनी जेंकिन्सन हा इंग्रज व्यापारी बुखाऱ्यास पोहोचला. त्याने लिहून ठेवले आहे की, तेथे रुप्याचे एक नाणे आणि तांब्याचे ‘पूल’ चालतात आणि राजा आपल्या लाभासाठी रुप्याचा भाव दर दोन महिन्यांनी, प्रसंगी महिन्यातून दोनदाही चढवतो-उतरवतो. ‘पुल’ हाच शब्द आजच्या उझबेक भाषेत पैशासाठी वापरतात. राजा भाव फिरवणार आणि तांब्याची रास मोजत बसावी लागणार, अशा पेठेत ज्याच्या शब्दावर दोन अनोळखी माणसे व्यवहार करू शकतील, असा कोणीतरी लागतोच. त्या माणसासाठी बुखाऱ्यात एक घुमट बांधलेला आहे.

सराफांचा घुमट

ताश्कंदहून ‘अफ्रोसियोब’ या वेगवान आगगाडीने बुखारा सुमारे चार तासांवर आहे. तेथील जुन्या शहरात, रस्ते जेथे एकमेकांना छेदतात त्या चौकांवरच सोळाव्या शतकात विटांचे घुमट उभारले गेले. त्यांना ‘तोकी’ म्हणतात. आज तीन उभे आहेत : जवाहिऱ्यांचा ‘तोकी झरगरोन’, टोपीविक्यांचा ‘तोकी तेल्पाक फुरुशोन’ आणि सराफांचा ‘तोकी सर्राफोन’. कापडासाठी १५७७मध्ये बांधलेला ‘तिम अब्दुल्लाखान’ निराळा. रस्ता घुमटाखालून जातो, भिंतींतील कोनाड्यांत दुकाने बसतात आणि जाड विटांमुळे बाहेर अंग भाजणारे ऊन असताना आत गारवा राहतो. उंटांच्या तांड्यासह आलेल्या व्यापाऱ्याला सावली, गिऱ्हाईक आणि पहारा हे तिन्ही एका छताखाली मिळत.

झरगर आणि सर्राफ यांचे घुमट वेगळे आहेत, ही गोष्ट मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी. आपल्याकडे सराफ म्हणजे दागिने विकणारा. बुखाऱ्यात दागिने घडविणारा तो झरगर. सर्राफ निराळा. त्याचे मूळ काम नाणे पारखण्याचे, एका राज्याचे नाणे घेऊन दुसऱ्याचे देण्याचे आणि पैसे दूरच्या गावी पोहोचविण्याचे. त्याच्या कोनाड्यात माल नसे. त्याच्याजवळ असे ती केवळ पारख आणि पत.

या व्यवसायात भारतीयांचा वाटा मोठा होता. जेंकिन्सनलाही बुखाऱ्यात हिंदी व्यापारी भेटले. त्यांनी पागोट्यांसाठी तलम पांढरे सुती कापड आणले होते आणि इंग्रजी लोकरी कापडात त्यांना गोडी वाटली नाही. पुढे मुलतानचे आणि नंतर सिंधमधील शिकारपूरचे व्यापारी या शहरात कायम राहू लागले. १८३२मध्ये अलेक्झांडर बर्न्स येथे आला तेव्हा अशा हिंदूंची संख्या तीनशेच्या आसपास होती. त्यांना देऊळ बांधण्यास मनाई होती, शहराच्या भिंतींच्या आत घोड्यावर बसण्यास मनाई होती, पोशाख वेगळा ठेवावा लागे आणि डोईपट्टी भरावी लागे. तरीही ते राहिले, कारण त्यांच्या कागदाला किंमत होती.

ती किंमत किती, याचा दाखला बर्न्सनेच दिला आहे. काबूलला असताना त्याच्याजवळ लुधियाना अथवा दिल्लीच्या सरकारी खजिन्यावर वटणारे पाच हजार रुपयांचे पत्र होते. काबूलच्या व्यापाऱ्यांनी ते बिनदिक्कत स्वीकारले आणि विचारले : सोने येथेच हवे, की रशियातील निझ्नी नोव्हगोरोदवर, आस्त्राखानवर किंवा बुखाऱ्यावर हुंडी हवी? त्याने बुखारा पसंत केला. तारायंत्र नाही, रेल्वे नाही, मध्ये हिंदुकुश पर्वत आणि लुटारूंच्या टोळ्या, आणि तरी एका चिठोऱ्यावर परक्या देशात रोकड मिळे. दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी या शब्दांचा अर्थ जेथे आजोबांच्या तोंडून ऐकलेला आहे, त्या घरातील माणसाने या घुमटाखाली दोन मिनिटे उभे राहावे. आज तेथे गालिचे, भरतकामाच्या ‘सुझानी’ आणि पक्ष्याच्या चोचीसारख्या कात्र्या विकल्या जातात. सर्राफ कोणी नाही.

एकच दशक, दोन पेठा

ते कुठे गेले? १९२०मध्ये लाल सेनेने बुखारा घेतला, अमीर पळाला आणि खासगी सावकारीचा अध्याय संपला, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे. गोष्ट त्याआधीच बिघडली होती.

१८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीने जगाचा कापूसपुरवठा तुटला. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला आणि दख्खनच्या शेतकऱ्याला हवे तेवढे कर्ज मिळू लागले. रशियातील गिरणीवाल्यांचे लक्षही मध्य आशियातील कापसाकडे वळले. १८६५मध्ये रशियाने ताश्कंद घेतले. नव्या अमलात हिंदी व्यापारी शहरांतून खेड्यांत उतरले. आता त्यांचा मुख्य धंदा हुंडीचा राहिला नाही. शेतकऱ्याला बियाण्यासाठी, बैलासाठी, लग्नकार्यासाठी चढ्या व्याजाने पैसे द्यावयाचे आणि पीक अथवा जमीन तारण घ्यावयाची, हा झाला. शेतकरी बुडू लागले. १८७०च्या दशकात गव्हर्नर जनरल काउफमान यांच्या शासनाने हिंदी सावकारांना जमीन घेण्यास मनाई केली.

त्याच दशकात महाराष्ट्रात काय घडले, हे अनेक व्यापारी घराण्यांच्या स्मरणात आहे. कापसाचे भाव कोसळले, सारा वाढला, कर्जे थकली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि हे लोण पुणे-नगर भागात पसरले. दंगेखोरांनी माणसांना फारसा हात लावला नाही. त्यांनी कर्जरोखे मागितले आणि जाळले. १८७९मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

या दोन घटनांत एकट्या सावकाराला दोष देणे न्यायाचे नाही. सारा वसूल करणारे सरकार, पडलेले बाजारभाव, न पडलेला पाऊस हे सारे त्यात होते. शिवाय अडीअडचणीला रात्री दार उघडणारा तोच एक होता, हेही खरे. परंतु जळणाऱ्या कागदांकडे पाहिले की एक भेद स्पष्ट होतो. बुखाऱ्याच्या हुंडीचा कागद परक्याने जिवापाड जपला, कारण तो वटला तर दोघांचेही भले होत असे. सुप्याचा रोखा जाळला गेला, कारण तो जितका मोठा होई तितका एक पक्ष लहान होत जाई. दोन्ही कागद कायदेशीर होते, दोन्हींवर सह्या आणि अंगठे होते. एकात पत होती, दुसऱ्यात केवळ वसुली.

आजचा बाजार

सोव्हिएत काळात खासगी नफ्याला ‘सट्टेबाजी’ म्हणून गुन्हा ठरविले गेले, तरी शेतकऱ्याला आपल्या परसातील भाजी-फळे विशिष्ट बाजारांत विकण्याची मुभा राहिली. त्या चिंचोळ्या फटीतून हे बाजार जगले. आता त्यांच्यापुढे निराळे आव्हान आहे. ताश्कंदमध्ये वातानुकूलित सुपरमार्केटे जागोजाग उभी आहेत. तेथे भाव छापलेले असतात, पार्किंग असते, पावती मिळते. आपल्याकडील किराणा दुकानदाराला जी काळजी आहे, तीच चोरसूच्या गाळेवाल्यालाही आहे.

तरीही सकाळी आठ वाजता चोरसू भरलेला असतो. तरुण सून सासूबरोबर येते आणि जर्दाळू कोणाकडून घ्यावेत हे शिकते. एखाद्या गिऱ्हाइकाकडे पैसे कमी पडले, तर ओळखीची विक्रेती माल देऊन टाकते. उधारीला त्यांच्यात ‘नसिया’ म्हणतात. दुपारी मागल्या बाकावर हिरवा चहा येतो. यजमान पहिला चहा पेल्यात ओततो आणि पुन्हा किटलीत रिकामा करतो, असे तीनदा. मग पाहुण्याला पेला देतो तोही अर्धवट भरून. मराठी पाहुण्यास हा कंजूषपणा वाटतो, परंतु रीत उलटी आहे. पेला थोडा भरला म्हणजे पुन्हा पुन्हा भरण्याची इच्छा आहे, पाहुण्याने बसावे. काठोकाठ भरून दिला, तर निघण्याची सूचना समजावी.

मार्गिलानचे रेशीम या बाजारांचे भूषण मानले जाते. ढगांच्या कडांसारखी विरघळणारी त्याची नक्षी आपल्या पाटणच्या पटोळ्याच्या नात्यातली आहे. कोश उकळून काढलेले रेशीम घ्यावे की नाही, हे प्रत्येक कुटुंब आपल्या विवेकाने ठरवील. न घेणाऱ्यांसाठी सुती अंगरखे, रिश्तानची निळी-हिरवी मातीची भांडी आणि चुस्तच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी टोप्या पुष्कळ आहेत. रेशीम नको म्हटल्यावर विक्रेता चेहरा न पाडता सुती माल काढून दाखवितो. सकाळपासून त्याने निदान दहा ग्राहकांना तसेच काही काढून दाखविलेले असते.

सौदा पुरा झाला, पैसे हाती पडले की, विक्रेता एक छोटे वाक्य म्हणतो : ‘बरकासिनी बेरसिन’. या पैशाला बरकत येवो, असा त्याचा भाव. हे शब्द गल्ल्यात पैसे टाकताना तो स्वतःसाठी पुटपुटत नाही. ते तो ग्राहकाकडे पाहून म्हणतो, आणि ग्राहकही तेच त्याला म्हणतो. बुखाऱ्याच्या सर्राफांचा घुमट रिकामा झाला, राजांनी नाणी फिरवली, नोटा थैल्यांत भराव्या लागल्या, पण हा रिवाज मोडला नाही. आपल्या पेठांतही जुनी माणसे गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणून निरोप देत, ‘जा’ म्हणत नसत. उझबेकिस्तानहून परतताना पिशवीत शेरभर बेदाणे असतीलच. त्यांच्याबरोबर ही जुनी रीतही आपल्या दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आली, तर सहलीचा खर्च वसूल झाला असे समजावे.